ठमकीचा दुसरा भाग

उखर्डूभाऊला लोक अजून ‘ठमकीवाला’ म्हणतात आणि ते ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. परवा धुळ्याच्या स्टँडवर एक मास्तर भेटले. चांगले शिकलेले, चष्मा लावलेले. म्हणे, "तुम्ही धरणगावच्या ना? मग ठमकीवाले तुमच्या ओळखीचे असतील. काय हसायचो हो आम्ही!" मी म्हटलं, हसा, आणखी हसा. आणि त्यांच्याकडे पाठ करून एसटीत जाऊन बसले. आमचे हे म्हणतात, सुनंदा, तोंडाला आवर घाल. नाही घालत. ज्याला उखर्डूभाऊ माहीत नाही त्याने ठमकीचं नाव काढू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

तो आमचा शेजारी. त्याच्या आणि आमच्या घरात एकच भिंत. तिकडे खोकलं की इकडे कळायचं. घरात दोघंच, तो आणि त्याची आई बेबाबाई. तिला सगळी आळी अक्का म्हणायची. लग्न त्याने केलं नाही. मी विषय काढला की म्हणायचा, "वहिनी, बायको बोलेल. चित्रं गप्प बसतात." मी म्हणायची, हो, आणि चित्रं भाकरी पण टाकतात ना तुला?

आमच्या खानदेशात कोणाचं नाव उखर्डू असलं की समजून घ्यायचं, याच्या आधीची लेकरं गेलेली आहेत. अक्काची चार गेली होती. थोरली भिकू तापाने गेली. वना आणि पुना एकाच आठवड्यात देवीने गेले. कौतिक नुकता चालायला लागला होता, तो हगवणीने गेला. पाचवा झाला तेव्हा सासूने त्याला फडक्यात गुंडाळून उकिरड्यावर नेऊन ठेवलं. शेजारणीने उचलला. मग अक्काने सूपभर ज्वारी देऊन स्वतःचंच लेकरू तिच्याकडून विकत घेतलं. टाकून दिलेलं, विकत आणलेलं पोर. त्याच्याकडे मरणाचं लक्ष जात नाही म्हणतात. तो जगला. पण गावाच्या बायांनी अक्काला काही सोडलं नाही. ती रस्त्याने जायला लागली की कडेवरच्या पोरावर पदर ओढून घ्यायच्या. मागून म्हणायच्या, लेकरं खाल्ली हिने. हे सगळं अक्का मला शेंगा सोलता सोलता सांगायची, डोळ्यात टिपूस नाही. ऐकता ऐकता माझ्याच शेंगा सोलायच्या राहायच्या.

उखर्डूभाऊचा हात लहानपणापासून चित्राचा. मॅट्रिक झाल्यावर मुंबईला गेला आणि जाहिरातींची हलती चित्रं, म्हणजे कार्टून, करणाऱ्या एका स्टुडिओत चिकटला. वर्षानुवर्षं तिथे मान मोडून काम केलं. मग मालकाने गाशा गुंडाळला, आणि ब्याऐंशी साली हा परत आला तो एक जुना कॅमेरा आणि पत्र्याच्या दोन ट्रंका घेऊन. भुसावळच्या एका रेल्वे फिटरने त्याला लोखंडाचा उंच घोडा जोडून दिला. त्यावर कॅमेरा खाली तोंड करून बसवायचा, खाली चित्र ठेवायचं, एक फोटो काढायचा. चित्र बदलायचं, परत एक फोटो. बोट जरा वर, परत फोटो. असे हजारो फोटो झाले की दोन मिनिटांचा सिनेमा. मला वाटायचं, माणसाने एवढ्या वेळात एक विहीर खणली असती.

कागदावर चित्र काढून झालं की ते पारदर्शक प्लास्टिकवर उतरवायचं आणि उलट्या बाजूने रंग भरायचा. त्या प्लास्टिकला सेल म्हणतात. ते रंग भरायचं काम मी आणि पलीकडची लताबाई करायचो. रांगोळीत हात बसलेला होता, जमलं. दुपारची भांडी झाली की आम्ही दोघी त्याच्या ओसरीवर. एका चित्रात हात वर, दुसऱ्यात केसभर आणखी वर. रंगवताना आम्हाला त्यात काहीच हलताना दिसायचं नाही. ते हलणं फक्त उखर्डूभाऊच्या डोक्यात असायचं.

आणि त्याच्या डोक्यात काय होतं? तर ती चार पोरं. त्यांचा एक फोटो नाही, कपड्याची चिंधी नाही. अक्काने डोळे मिटले की चौघंही गेलीच. उखर्डूभाऊ मला म्हणाला होता, "वहिनी, मला एकच पिक्चर करायचंय आयुष्यात. माझी चार भावंडं चालताना. मी बघितलीच नाहीत ना. आणि मायला दाखवायचंय, गावासमोर बसवून. गावाला कळू दे, हिच्याही अंगणात लेकरं पळत होती."

मग ओसरीवर रोज एक तमाशा चालायचा, तो बघण्याच्या नादात मी चहा टाकायचं विसरायची. अक्का उठायची, सत्तरीची बाई, लुगडं घोट्याच्या वर धरायची आणि चालून दाखवायची. "भिकू आशी चाले," म्हणून कंबर एका बाजूला काढून, कारण भिकूच्या कडेवर कायम कोणीतरी असायचं. वना खडा लाथाडत चालायचा, तर अक्काही पायाने हवेत खडा उडवायची. पुना कधी दोन पायांवर चाललाच नाही, लंगडी घालत जायचा. अक्का भिंतीला धरून लंगडी घालायची आणि मी ओरडायची, अक्का, पडाल, हाडं मोडतील. कौतिकचं दाखवताना मात्र ती हळू व्हायची. "चार पावलं टाके, ना धप बठी जाय. मंग मांगे दखे, मी शे का नही ते." आणि खरंच खाली बसून, मान वळवून मागे बघायची. उखर्डूभाऊ समोर बसून भराभर रेघा ओढायचा. त्याचं नाक वाहत असायचं, पण हात थांबायचा नाही.

आता पोटाचं काय? पोटासाठी त्याला भेटले बन्सीलालशेठ. जळगावचे, कपाशीवरच्या औषधांची एजन्सी होती त्यांची. जीप, जनरेटर, पडदा, मशीन, सगळा सरंजाम. गावोगावी बाजाराच्या दिवशी अंधार पडला की जीप उभी करायची, सिनेमाचे तुकडे दाखवायचे आणि मध्ये औषधाची जाहिरात. शेठ म्हणाले, अळीवर काहीतरी हलतं कर. उखर्डूभाऊने ठमकी केली. गुबगुबीत बोंडअळी, नाकात नथ, अंगात लाल लुगडं. ती ठुमकत कपाशीत शिरते, बोंडं खाते, ढेकर देते, नाचते, आणि शेतकरी फवारा मारतो तशी गोल गोल फिरून पाय वर करते. तेव्हा जीपमधला माणूस भोंग्यातून ओरडायचा, "मार फवारा!" आणि सगळी पोरं ओरडायची, "मार फवारा!"

लोक वेडे झाले हो. चोपडा, एरंडोल, शिरपूर, कुठेही जा, जीपच्या मागे पोरं धावायची, ठमकी दाखवा, ठमकी दाखवा. खरा सिनेमा नको, ठमकी परत लावा. उखर्डूभाऊला हसू यायचं. म्हणायचा, बरं झालं, ठमकीच्या जिवावर आपलं पिक्चर निघेल.

त्या पैशातून मुंबईहून सेल आले आणि आम्ही दोघी चौघांना रंगवायला लागलो. भिकूचा परकर हिरवा की तांबडा यावरून अक्का आणि लताबाईची जुंपायची. "भिकूनं नाक आसं नव्हतं रे, जरा बसकं व्हतं," म्हणून अक्का पोराला सगळं परत काढायला लावायची, आणि तो काढायचा. सालभरात निम्म्याच्या वर रंगवून झालं. उरलेलं झालं की फोटो काढायचे. अक्काचा दमा वाढत चालला होता, म्हणून त्याला घाई होती. रोज मला विचारायचा, दिवाळीपर्यंत होईल ना? मी म्हणायची, तू लताबाईच्या तोंडाला कुलूप घाल, दसऱ्यालाच होईल.

आणि शहाऐंशीच्या आषाढात बन्सीलालशेठ दारात. मी तिथेच बसलेली, हातात ब्रश.

"उखर्डूभाऊ, ठमकीचा दुसरा भाग पाहिजे. बोंडं धरायच्या आत."

"शेठ, ठमकी मेली. मीच मारली ना ती."

"मेली तर मेली. तिला पोरं असतील ना?"

उखर्डूभाऊ म्हणाला, शेठ, नवीन काहीतरी करू. माझ्याकडे एक कल्पना आहे, शेतातलं बुजगावणं आणि एक कावळा, छान होईल. शेठनी जांभई दिली. वाईट माणूस नव्हता तो, खोटं कशाला बोलू. पण म्हणाला, "नवीन म्हटलं की लोकांना आधी सांगावं लागतं, हा कोण, ती कोण. तोवर ते बिडी प्यायला उठतात. ठमकी ओळखीची आहे. ओळखीचं दिसलं की माणूस जागचा हलत नाही. तुझं बुजगावणं पुढे कधी बघू. आत्ता पोरं दे मला. चार दे. चार मेली की जास्त हसतील." आणि जाताना सांगून गेला, जमत नसेल तर मुंबईत करणारे पुष्कळ आहेत.

काम गेलं असतं तर कॅमेऱ्याचं रीळसुद्धा आणता आलं नसतं, आणि मग ती चार पोरं ट्रंकेतच राहिली असती. हे त्यालाही कळत होतं, मलाही. नवे सेल मुंबईहून यायला वेळ लागणार होता आणि वेळच तर नव्हता. या धंद्यात सेल महाग म्हणून वापरलेले धुऊन परत वापरतात. आमचे सगळे भरलेले होते, चौघांनी. उखर्डूभाऊ म्हणाला, "धुवा. कागद आहेत आपल्याकडे. परत उतरवू, परत रंगवू."

मी धुतले. माझं डोकं इतकं फिरलं होतं की पाणी बाहेर उडत होतं. भिकूचा परकर, पुनाची टोपी, सगळा रंग घंगाळात. अक्का शेजारी बसून बघत होती. एकदाच म्हणाली, "परत भरशी ना रे रंग?" तो म्हणाला, "हो माय." आणि आत निघून गेला. लताबाई तोंडाला पदर लावून रडत होती. मी तिला म्हटलं, रडायचं असेल तर घरी जा, इथे म्हातारी बसली आहे.

त्यानंतर तो दार लावून बसायला लागला. आम्हाला वाटलं, एवढ्या थोड्या दिवसांत चार नव्या अळ्या चालवणं काही याला जमायचं नाही. पण काय आश्चर्य, भराभर कागद बाहेर यायला लागले. अळीची चार पोरं, डोक्यावर शिंगं, पायात बूट. अळीला पाय किती असतात ते सोडा, आमच्या अळ्यांना दोनच. आम्ही रंगवलं. आम्हाला काय कळणार? सांगितलं ना, समोरचं चित्र स्थिर असतं. दुसऱ्याही चित्रात अळीचंच पोर, तोंड किंचित वळलेलं. आम्ही हिरवा भरला, पिवळा भरला, मोकळ्या झालो.

पहिला खेळ धरणगावातच, कपाशीच्या मार्केट यार्डात. मी लताबाईला घेऊन हौसेने पुढे बसले, आमचं काम ना! पडद्यावर ठमकीची पोरं आली. पहिली अळी कंबर एका बाजूला काढून चालत होती. दुसरी खडा लाथाडत होती. तिसरी लंगडी घालत आली. चौथी, सगळ्यात धाकटी, चार पावलं चालली, धपकन बसली आणि मान वळवून मागे बघायला लागली, आई आहे की नाही ते. आणि नेमका तेव्हा फवारा. "मार फवारा!" सगळं यार्ड हसत होतं. शेजारचा माणूस मांडीवर थापा मारत होता. मी उठले आणि चालायला लागले, चप्पल तिथेच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उखर्डूभाऊला मी त्याच्या दारातच झापलं. अक्का नळावर गेली होती म्हणून बरं. "लाज नाही वाटली? स्वतःच्या भावंडांची चाल अळ्यांना दिलीस? आणि अंगावर विष ओतलंस?"

तो खाली बघत म्हणाला, "वहिनी, वेळ नव्हता. नवी चाल बसवायला महिने लागतात. ती तयार होती, खाली दिवा लावलेल्या काचेवर ठेवली आणि वर कोरा कागद ठेवून अळी गिरवली. चेहरे तर दिले नाहीत ना मी. चाल कोण ओळखतं?"

"मी ओळखली."

"तू आणि माय. मायला मी तिकडे नेणारच नाही. आपल्या पिक्चरमध्ये चेहरे असतील, कपडे असतील. कोणाच्या लक्षातही यायचं नाही."

कप्पाळ माझं! एवढी वर्षं हेच काम केलेला माणूस, आणि त्याला हे कळू नये? कार्टूनात चेहरा म्हणजे दोन टिंबं आणि एक रेघ. ओळख असते ती चालीची. लोकांनी चालच उचलली. महिन्याभरात जळगावपासून धुळ्यापर्यंत पोरं लंगडी घालत ‘मी तिसरी अळी’ म्हणत होती. शाळेच्या मैदानात एक पोर चार पावलं चालून धपकन बसायचं, मागे बघायचं, आणि बाकीची ओरडायची, मार फवारा! दुसरा भाग पहिल्याच्या दुप्पट चालला. शेठनी पेढे पाठवले. मी ते खाल्ले नाहीत.

आमच्या आळीतही तोच खेळ. एकदा लताबाईची धाकटी दारासमोरून लंगडी घालत गेली आणि अक्काला तिच्यात पुनाच दिसला, ओसरीवरून हरखून म्हणाली, "दख व सुनंदा, पुनाना मायक चालस हाई!" पोरगी म्हणाली, "अक्का, मी अळी शे." अक्का हसली. म्हणाली, चाल मग, चाल. मी आत जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. आता हिला काय सांगायचं?

पण एक म्हणेन, उखर्डूभाऊने शब्द पाळला. मिळालेलं सगळं त्याने चौघांवर घातलं. नवे सेल आणले. आम्ही परत रंगवलं, हिरवा परकर, तांबडी टोपी. शेठ तिसऱ्या भागासाठी निरोपावर निरोप धाडत होते, याने एकाला दाद दिली नाही. रात्रीचा दिवस केला, डोळे आत गेले, बोटांना लोखंडी घोड्याचे घट्टे पडले. फोटो काढून रीळ मुंबईला धुवायला गेलं आणि सत्याऐंशीच्या पोळ्याच्या आधी तयार होऊन आलं. जीपमधल्या माणसाकडून तासाभरापुरतं मशीन आणून एका भिंतीवर त्याने मला एकटीला दाखवलं. खरं सांगते, इतकं सुंदर काही मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. अंगण, निंबाचं झाड, आणि चौघं चालत येतात. बस, एवढंच. मी रडले आणि मी काही रडणारी बाई नाही.

आता दाखवायचं कुठे? जीप शेठची, मशीन शेठचं. शेठनी रीळ बघितलं आणि म्हणाले, यात औषध कुठे आहे? मग उखर्डूभाऊने तिसऱ्या भागाचं कबूल केलं तेव्हा ते तयार झाले. एक दिवस, धरणगावात, ठमकीच्या नंतर. मी म्हटलं, "ठमकीच्या नंतर नको. नुसतं आपलंच लाव. किंवा दुसऱ्या दिवशी लाव."

"नुसत्यासाठी कोण येणार, वहिनी? ठमकी आहे म्हणून गाव जमेल. आणि मायला गाव पाहिजे."

ते खरं होतं. अक्का कितीतरी दिवस तेच म्हणत होती, सगळ्या गावाला दाखव. "बठ्ठा गावले दखाडजो." ज्या बायांनी पदर ओढले त्यातल्या कितीतरी अजून होत्या, दात पडलेल्या, काठी टेकत चालणाऱ्या. त्यांच्यासमोर तिला बसायचं होतं. त्यासाठी तिने नवं लुगडं काढलं, माझ्याकडून डोक्याला तेल लावून घेतलं. मला म्हणाली, उखर्डू चांगला निघाला ना ग? मी म्हटलं, लाखात एक.

त्याने ठरवल्याप्रमाणे ठमकी संपेपर्यंत मी अक्काला घरात थांबवलं. खोकल्याचं औषध, पाणी, काहीतरी काढत बसले. निरोप आल्यावर तिला धरून यार्डात नेलं. अलोट गर्दी. लोक अजून हसत होते, डोळे पुसत होते. अक्काला पुढे खुर्चीवर बसवलं. आजूबाजूच्या म्हाताऱ्यांनी मान वळवून पाहिलं, तशी ती ताठ बसली. उखर्डूभाऊ मशीनपाशी. त्याने माझ्याकडे बघून मान हलवली आणि लावलं.

अंगण आलं. निंबाचं झाड आलं. भिकू आली, कंबर एका बाजूला काढून, कडेवर कौतिक. अक्काने माझा हात असा दाबला की बांगडी रुतली. "भिकू," म्हणाली. "हाई मनी भिकू." मागून वना खडा लाथाडत आला. मागे कुजबुज सुरू झाली. मग पुना लंगडी घालत आला आणि पोरांनी एकच गलका केला, "ठमकीची पोरं! ठमकीची पोरं!" सगळं यार्ड फिदीफिदी हसायला लागलं. अक्काला पहिल्यांदा वाटलं, आनंदाने हसताहेत. माझ्याकडे वळून म्हणाली, "लोके हसी ऱ्हायनात. चांगलं शे ना?"

भिकूने कौतिकला खाली ठेवलं. तो चार पावलं चालला. पोरं मोजत होती, एक, दोन, तीन. तो धपकन बसला आणि त्याने मागे वळून पाहिलं. आणि सगळं गाव, पोरं, बाप्ये, बाया, सगळे एका सुरात ओरडले, "मार फवारा!"

अक्काच्या हातातला माझा हात सुटला. "कोनले मारा म्हनतस ह्या?" तिने विचारलं. "सुनंदा, कोनले?" मागे परत तेच, मार फवारा, मार फवारा. आळीतल्या पोरी, ती लंगडी, ‘मी अळी शे’, सगळं तिला तिथेच, त्या खुर्चीवर कळलं. मी तिचा चेहरा पाहिला म्हणून सांगते. ती उठली. दम्याची बाई, काठी न घेता पडद्यापाशी गेली आणि लोकांकडे तोंड करून उभी राहिली. पडद्यावरची पोरं आता तिच्या लुगड्यावर, तोंडावर चालत होती. दोन्ही हात आडवे धरून ती ओरडली, "नका मारू रे! लहान शेतस त्या! नका मारू!"

लोकांना वाटलं, हाही जाहिरातीचाच भाग. आणखी हसले. कोणीतरी शिट्टी मारली. उखर्डूभाऊने मशीन बंद केलं तेव्हा पोरं ओरडायला लागली, परत लावा, परत लावा.

त्या रात्रीनंतर त्याने पेन्सिल हातात धरली नाही. कॅमेरा, घोडा, सगळं भुसावळला विकून टाकलं. रीळ कुठे ठेवलं की जाळलं, मला त्याने कधी सांगितलं नाही. शेठनी तिसरा भाग मुंबईत करून घेतला. तिकडच्या लोकांनी दुसऱ्या भागावरूनच चाली उचलल्या, त्यामुळे चौघं तशीच चालत राहिली, तशीच मरत राहिली. चौथाही आला म्हणतात. मी पाहिला नाही. पुढे टीव्हीवर परदेशी कार्टून आली, जीप बंद पडली, शेठनी खताचं दुकान टाकलं. आणि उखर्डूभाऊ धुळ्याला गेला, दुकानांवर अक्षरं काढायला. चित्र काढून द्या म्हटलं तर नाही म्हणतो. अक्षरं हलत नाहीत, म्हणतो.

अक्का आणखी पाच-सहा वर्षं जगली, इथेच, धरणगावात. धुळ्याला गेली नाही. दुपारी माझ्या ओट्यावर येऊन बसायची. डोकं शेवटपर्यंत लख्ख. माझ्या पोराच्या परीक्षेची तारीख, लताबाईच्या म्हशीचं वेत, सगळं तोंडपाठ. पण आधी जी दिवसभर भिकू अशी, वना तसा करायची, ते बंद झालं. मी पुष्कळ दिवस धीर धरला. मला वाटलं, बोलली तर मोकळी होईल. मग एकदा मीच म्हटलं, "अक्का, पुना लंगडी कशी घालायचा हो?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "कोन पुना?" म्हणाली. "माले एकच पोऱ्या शे. उखर्डू."